‘ध’ चा ‘मा’ : मीमने बदललेला आरोपी

मीम्समुळे इतिहास बिघडतो, अशी तक्रार हल्ली सर्रास ऐकू येते. मला ती अर्धीच पटते. मीम सहसा नवा इतिहास रचत नाही. आधीच सोपा करून ठेवलेला इतिहास ते आणखी छाटते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाचे उदाहरण घेऊ.

सायखेड्यात बसून फोनवर आलेली या प्रसंगाची चित्रे मी साठवत असतो. ती मुख्यतः दोन प्रकारची आहेत. एक, काका-पुतण्याच्या राजकारणावरचे ‘काका, मला वाचवा’. दुसरे, बायकोच्या कारस्थानावरचा विनोद म्हणून ‘ध’ चा ‘मा’. यात आनंदीबाई लेखणी घेऊन ‘धरावे’चे ‘मारावे’ करत असतात, तेही ठसठशीत देवनागरीत. पेशवाईचे रोजचे दफ्तर मोडीत चाले, एवढेही भान तिथे नसते.

ही लेखणी त्यांच्या हाती आली कुठून? ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात अक्षर बदलल्याची हकीकत आहे; पण तो बदल आनंदीबाईंनी केला, हे तो सर्वसाधारण समज म्हणूनच सांगतो. पुढे खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) आणि प्रभातचा ‘रामशास्त्री’ (१९४४) यांनी हा काळ रंगभूमीवर आणि पडद्यावर आणला. तिथे निदान रामशास्त्री प्रभुणे तरी होते, राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे. मीममध्ये नेमके रामशास्त्रीच गळतात. राघोबांची नजरकैद आणि गारद्यांच्या थकलेल्या पगाराचा तगादाही गळतो.

‘विनोद आहे, सोडून द्या’, असे कोणी म्हणेल. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपण एरवीही वापरतोच. पण तो वापरताना लबाडी कोणाची, हे आपण प्रसंगानुसार ठरवतो. त्याला ठरलेला चेहरा नसतो. मीम त्याला चेहरा देते, आणि तो दरवेळी त्याच बाईचा असतो.

नाशिकजवळचे आनंदवल्ली हे गाव आनंदीबाईंच्या नावाचे. राघोबा १७८३ मध्ये वारले ते कोपरगावी. दोन्ही गावे गोदावरीकाठची, आणि सायखेडा त्यांच्या मधले. तरीही आमच्याकडच्या तरुणांशी बोलताना मला आनंदीबाईंचे नाव आधी ऐकू येते, राघोबांचे मागाहून.

अक्षरबदलाची कथा शब्दशः खरी मानली, तरी मूळ शब्द ‘धरावे’ हाच राहतो. म्हणजे गादीवरच्या पेशव्याला पकडण्याचा हुकूम राघोबांचाच ठरतो. मीमवर हसणाऱ्याने एवढा एक शब्द नीट वाचला, तरी पुरे. रामशास्त्र्यांनी ज्याला दोषी ठरवले, तो मीममध्ये सुटला आहे. आरोपीच्या जागी त्याची बायको उभी आहे.