मैत्रीच्या पुस्तकांतला दुभाष्या

ब्रिटन आणि जपान यांच्या सांस्कृतिक नात्यावरच्या पुस्तकांबद्दल आज आपण बोलणार आहोत. ही पुस्तकं भरपूर आहेत : प्रवासवर्णनं, आठवणी, चरित्रं. पण त्यांतली बरीचशी सत्काराच्या भाषणासारखी होतात, अशी आमची तक्रार आहे. कोण कोणाला भेटलं, कोणी काय नेलं, काय आणलं, याची यादी मिळते. नातं कोणाच्या अटींवर चाललं, हे विचारायचं राहून जातं. म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवतो : पुस्तकातला मधला माणूस, म्हणजे दुभाष्या, शोधा.

इझाबेला बर्डपासून सुरुवात करू. १८७८ मध्ये या बाई उत्तर जपानातून थेट होक्काइदोपर्यंत गेल्या. 'अनबीटन ट्रॅक्स इन जपान' हे त्यांचं पुस्तक १८८० मध्ये आलं. बाईंना जपानी येत नव्हतं. गावकरी काय म्हणाले, घोडेवाल्याने किती पैसे मागितले, हे सगळं इतो नावाच्या तरुण दुभाष्याच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोहोचायचं. म्हणजे आपण बर्डबाईंचा जपान वाचतो तेव्हा खरं तर इतोने गाळून दिलेला जपान वाचत असतो.

बाईंचा मोठेपणा असा, की त्यांनी इतोला लपवलं नाही. तो मधल्यामध्ये पैसे खातो असा त्यांना संशय होता, तोही त्यांनी लिहिला. तो नवे इंग्रजी शब्द वहीत टिपतो आणि यातली चांगली इंग्रजी कोणती, बाजारू कोणती असं विचारतो, हेही लिहिलं. पण तोही काही निव्वळ गरीब बिचारा नव्हे. ऐनू लोकांशी सौजन्याने वागायला बाईंनी सांगितलं, तर तो भडकला. त्याच्या लेखी ती माणसंच नव्हती. आता बघा, ऐनूंचं म्हणणं आधी जपानीत, मग इतोच्या इंग्रजीत, मग बाईंच्या लेखणीत. तीन चाळण्या! 'दोन संस्कृतींची भेट' म्हणून हे पुस्तक वाचलं, तर तिसरा समाज आपल्या नजरेतून निसटतो.

आता उलटा प्रवास. नात्सुमे सोसेकी १९०० मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. इंग्रजी शिकून परत यायचं आणि ती शिकवायची, असं काम. म्हणजे एका अख्ख्या साहित्याचा दुभाष्याच की! पैसे तुटपुंजे, बिऱ्हाडं बदलत राहिली, शेवटी खोलीत कोंडून घेऊन वाचन. ते तिथे असतानाच, १९०२ च्या जानेवारीत, ब्रिटन आणि जपानचा मैत्रीकरार झाला. देशात जल्लोष झाला. सोसेकींनी सासऱ्यांना लिहिलेल्या पत्रात मात्र त्याची टर उडवली : श्रीमंताशी सोयरीक जुळली म्हणून गरिबाने गावभर वाजतगाजत फिरावं, तसला हा प्रकार.

१९०७ च्या 'बुंगाकुरोन' या साहित्यविचाराच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी लंडनची ती दोन वर्षं अत्यंत नकोशी होती, असं स्वच्छ नोंदवलं. पण त्यांनी नुसतं रडगाणं गायलं नाही. लहानपणापासून चिनी अभिजात ग्रंथांतून आपल्याला उमगलेलं 'साहित्य' आणि इंग्रज ज्याला 'लिटरेचर' म्हणतात ते, या दोन गोष्टी एकच नाहीत, हे त्यांनी मांडलं. आमच्या मते या सगळ्या व्यवहारातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. कारण इथे दुभाष्या म्हणतो, की या शब्दाला माझ्याकडे जोड शब्द नाही, आणि त्यात माझी काही चूक नाही.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? मैत्रीची पुस्तकं मैत्रीसाठी वाचावीत. जरूर वाचावीत. पण बरोबरीचा प्रश्न टाळून केलेली मैत्रीची वर्णनं पोकळ निघतात. सोसेकींची नाराजी आणि बर्डबाईंचा संशय यांतून ते नातं जास्त खरं कळतं.

आणि इतोचं पुढे काय झालं? २००५ मध्ये नाकाजिमा क्योको या जपानी कादंबरीकार बाईंनी 'इतो नो कोई' ही कादंबरी लिहिली. तिच्यात तो दुभाष्या स्वतःच्या आठवणी स्वतः सांगतो. ती कल्पनाच आहे, हे खरं. पण सव्वाशे वर्षं दुसऱ्यांचं बोलणं पोहोचवणाऱ्याला स्वतःचं बोलायला जागा मिळाली, ती कादंबरीत. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, एवढीच आमची विनंती.