स्वस्त एच.आय.व्ही. चाचणी : हिशेब किटचा की निदानाचा?

विकसनशील देशांतील प्रयोगशाळांना परवडणारी एच.आय.व्ही. चाचणी हवी, याबद्दल दुमत नाही. परंतु परवडणारी कशाला म्हणायचे? नुसत्या किटच्या किंमतीवरून ते ठरवणे चूक आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड किंवा पांढरकवडा येथील एखादी लहान प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणा. एलायझा चाचणीची प्लेट ९६ खळग्यांची असते. दर वेळी नियंत्रण नमुने लावावे लागतात, शिवाय रंग मोजणारे यंत्र व भरवशाची वीज हवी. मोठ्या रक्तपेढीत ही चाचणी स्वस्त पडते. पण दिवसाला तीन-चारच नमुने येत असतील, तर ते साठेपर्यंत रुग्णाने थांबायचे किंवा साहित्य वाया घालवायचे.

यावर उपाय म्हणून अमेरिकेतील 'पाथ' या संस्थेने १९९०च्या सुमारास बुडवण्याच्या पट्टीची चाचणी विकसित केली व तिचे तंत्र भारतासह काही देशांतील उत्पादकांना दिले. सुरतच्या स्पॅन डायग्नोस्टिक्सची 'कोम्बएड्स' ही याच धर्तीची. फणीच्या दातांवर विषाणूच्या प्रतिजनांचे ठिपके असतात. सिरममध्ये प्रतिपिंडे असली तर ती तेथे चिकटतात. मग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या द्रावणात दात बुडवला की लालसर ठिपका उमटतो. यंत्र नको, आणि जितके नमुने तितकेच दात वापरायचे. कल्पना नामी आहे.

मात्र तिचे कौतुक करताना दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली साठवणीची. अशा अनेक किट २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात. यवतमाळचा उन्हाळा लक्षात घेता फ्रिज आणि वीज यांचा खर्चही चाचणीच्याच खात्यात धरायला हवा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. समजा, १०,००० लोकांपैकी ३० जणांना लागण आहे. चाचणी एकही लागण चुकवत नाही, पण निरोगी शंभरांपैकी एकाला चुकून 'लागण आहे' असे दाखवते. म्हणजे ३० खऱ्यांबरोबर सुमारे १०० खोटे! या १३० जणांना एकाच चाचणीवर निकाल सांगितला, तर शंभर घरे विनाकारण उद्ध्वस्त होतील.

म्हणूनच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पद्धतीत लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान तीन वेगळ्या चाचण्यांनी होते. यावर 'खर्च तिप्पट होईल' असा आक्षेप ऐकू येतो. तो हिशेबाला टिकत नाही. दुसरी चाचणी फक्त १३० जणांची. तीही तितकीच अचूक असेल, तर तिसरी साधारण ३१ जणांची. दहा हजारांवर जादा चाचण्या फक्त १६१, म्हणजे दीड टक्क्याहून थोड्या अधिक! महागड्या वेस्टर्न ब्लॉटची गरजही यामुळे बहुतांशी टळते.

अट एकच. तिन्ही चाचण्यांचे प्रतिजन किंवा तत्त्व वेगळे असावे. कमी दराची निविदा म्हणून एकाच धर्तीच्या तीन किट घेतल्या, तर तिन्ही तीच चूक करतील. शिवाय लागणीनंतर सुरुवातीचे काही आठवडे प्रतिपिंडे सापडत नाहीत, तेव्हा नकारार्थी निकालही सावधपणे घ्यावा.

नववी-दहावीच्या वर्गात हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. शेकडेवारीचा इतका मोलाचा उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.