चित्र विकणारा माणूस कुठे गेला?

मंडळी, चित्रांच्या बाजाराचा विषय निघाला की आपण लगेच आकड्यांवर येतो. तर आकडे आधीच सांगून मोकळा होतो. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्टीजने मुंबईत पहिला लिलाव केला. त्यात वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेलं. २०२१ साली सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांच्याच दुसऱ्या चित्राला ३९.९८ कोटी मिळाले. गायतोंडे गेले २००१ साली. म्हणजे यातला एक रुपयाही त्यांनी पाहिला नाही. हे एवढं लक्षात ठेवा, आपण पुन्हा तिथे येणार आहोत.

आता जरा मागे जाऊ. १९४१ साली केकू गांधींनी मुंबईत 'केमोल्ड' सुरू केलं, ते काही गॅलरी म्हणून नव्हे. धंदा होता चित्रांच्या चौकटी करण्याचा. पण चौकट करायला चित्रकार येणार, गिऱ्हाईकही येणार. मग नव्या, कुणाला ठाऊक नसलेल्या पोरांची चित्रं दुकानातच लावायला काय हरकत आहे? हुसेन, आरा ही मंडळी तेव्हा 'नवी पोरं'च होती. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ मध्ये, आणि १९६३ साली तिच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड आली. त्याच वर्षी पंडोल गॅलरीही सुरू झाली.

या जुन्या दलालाला (शब्द वाईट वाटतो, पण काम तेच) आपण उगाच देव्हाऱ्यात बसवू नये. किंमत कुजबुजत ठरायची. कोणाला किती सांगायची हे गिऱ्हाइकाच्या बुटांवरून ठरत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. (हशा) गॅलरीचा वाटाही थोडाथोडका नसतो, तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जातो. आणि आत शिरायलाच ज्याला संकोच वाटतो, त्याच्यासाठी ते दार बंदच होतं.

म्हणून २००० साली सॅफ्रनआर्टने मुंबईतून संगणकावर चित्रं विकायला सुरुवात केली, तेव्हा एक चांगली गोष्ट झालीच. चित्र कितीला गेलं हे घरबसल्या कुणालाही दिसू लागलं. न्यू जर्सीतला मराठी माणूस आणि नाशिकचा डॉक्टर एकाच लिलावात बोली लावू शकतात. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण माझा आक्षेप वेगळा आहे. आपण म्हणतो, दलाल गेला आणि वेबसाइट आली. तसं झालेलंच नाही. मोठ्या लिलावात बहुतेक चित्रं दुसऱ्या-तिसऱ्यांदा विकली जातात. ज्यांचं नाव आधीच झालंय, त्यांचीच. म्हणजे केकू गांधींनी जे केलं, अनोळखी चित्रासमोर गिऱ्हाइकाला उभं करून 'जरा वेळ बघा' म्हणणं, ते काम लिलावाने घेतलंच नाही. मग ते पडलं कोणावर? चित्रकारावर. आज जे.जे.मधून बाहेर पडलेली मुलगी दिवसा चित्र काढते आणि रात्री इन्स्टाग्रामवर टाकण्यासाठी त्याचे फोटो काढते, लोकांना उत्तरं देते, कुरिअरचं खोकं बांधते. कमिशन वाचलं खरं, पण तो वेळ चित्रातूनच गेला ना!

आणि चित्र काय होतं? गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. लावलेले असतील तेव्हा जाऊन पाहा. पाच मिनिटं काही होत नाही, मग आतून उजेड यायला लागतो. तेच चित्र फोनवर पाहा: पिवळा किंवा राखाडी चौकोन. अंगठा पुढे सरकतो. आज गायतोंडे अनोळखी असते आणि फोनवरच असते, तर त्यांना कोणी थांबून पाहिलं असतं का? फोनवर भडक रंग आणि ओळखू येणारा चेहरा चटकन पकडतो. तरुण चित्रकारांना हे कळतं, आणि माझ्या मते त्यांच्या कामात ते दिसायलाही लागलंय. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, भाव चढल्या-उतरल्याची नाही.

आता पैशाकडे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आलं. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, कमाल दहा टक्के. किती जणांना माहीत होतं? (मोजके हात) बघा. कलम आहे, पण वापरात फारसं दिसत नाही. पूर्वी सबब होती की चित्र कुठे, कितीला गेलं हे कळत नाही. आता तर प्रत्येक लिलावाचा निकाल पडद्यावर असतो! मग अडतंय कुठे, हे लिलाव करणाऱ्यांना विचारायला हवं, आणि चित्रकारांच्या संघटनांनाही.

प्रश्न असतील तर घेऊ. हो, मागच्या रांगेतल्या ताई, बोला.