क्षितिज नसलेलं तळं

जिव्हर्नीला पोचलेले बहुतेक जण घरापुढच्या फुलांतच रमतात, आणि त्यात नवल नाही. गुलाबी भिंती, हिरव्या झडपा, मधल्या वाटेवर दोन्हीकडून सरपटत आलेली नॅस्टर्शियमची केशरी फुलं. पण चित्रकार क्लोद मोनेची खरी कलाकृती रस्त्यापलीकडे आहे. 1883मध्ये तो नॉर्मंडीतल्या या गावात भाड्याने राहायला आला, 1890मध्ये घर विकत घेतलं आणि 1893मध्ये रेल्वेरुळांपलीकडची जमीन घेऊन तिथे तळं खोदलं. एप्त नदीच्या फाट्याचं पाणी त्यात वळवायला गावकऱ्यांचा विरोध होता. तळ्यात लावायच्या परक्या वनस्पतींनी पाणी नासेल, अशी त्यांना भीती वाटत होती.

तळ्याच्या काठावर विलो आणि बांबू इतके दाट आहेत की दूरचं काही दिसतच नाही. इथे आकाश पाहायचं तर मान खाली घालावी लागते. आपल्याकडच्या तळ्यांत कमळ देठावर उभं राहून पाण्याच्या वर निघतं. मोनेच्या तळ्यातल्या वॉटरलिलीचं पान मात्र पाण्यावर सपाट टेकलेलं असतं. या पानांमुळेच पाणी कुठे आहे ते डोळ्यांना कळतं. पानं पृष्ठावर, ढग त्याखाली, आणि त्या दोन्हींच्या मधून विलोची उभी प्रतिबिंबं. पानांवरची धूळ धुवायला मोनेने होडीतून फिरणारा माळी ठेवला होता, आणि धूळ उडू नये म्हणून समोरच्या रस्त्यावर स्वतःच्या खर्चाने डांबर टाकून घेतलं होतं. मला हा श्रीमंती षोक वाटत नाही. पानं मळली की पाण्याचा तो पातळ पडदाच हरवतो, आणि त्याला तर तोच रंगवायचा होता.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं त्याचं 1899चं चित्र या जागेसमोर आठवून पाहावं. जपानी पुलाची कमान चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते, पण तिची टोकं कुठे टेकतात ते दिसत नाही. वर आकाशाला जवळजवळ जागाच नाही. तरीही पूल आहे तोवर आपल्याला उभं राहायला जागा आहे. (पुलावर आज दिसणारी विस्टेरियाची जाळी नंतरची, या चित्रात ती नाही.) पुढच्या चित्रांतून पूल जातो, मग काठही जातो. उरतं फक्त पाणी.

1912मध्ये त्याला मोतीबिंदूचं निदान झालं, 1923मध्ये शस्त्रक्रिया झाली. या काळात पूल परत येतो, पण आता लाल-तपकिरी रंगांच्या जाड फराट्यांत, ओळखू येईल न येईल असा. अनेकांना ही चित्रं अस्ताव्यस्त वाटतात. मला ती फार धीराची वाटतात.

बाग आधी पाहावी आणि पॅरिसचं ओरांजरी संग्रहालय नंतर. मोनेच्या मृत्यूनंतर, 1927मध्ये खुल्या झालेल्या तिथल्या दोन लंबगोल दालनांत, सुमारे दोन मीटर उंचीच्या चित्रांतून हेच तळं भिंतीभर फिरतं. 1960च्या दशकातल्या बांधकामाने छतातून येणारा उजेड अडवला होता. 2006मध्ये दुरुस्तीनंतर तो परत आला. बाग पाहून आलेल्याला तो उजेड इतका महत्त्वाचा का, हे सांगावं लागत नाही: जिव्हर्नीत ढग सरकला की तळ्याचा रंग पालटताना त्याने पाहिलेला असतो.