‘मानवी भांडवल’ आणि मंदीतील प्रशिक्षण : एका संज्ञेची चिकित्सा

गॅरी बेकर यांचा ‘ह्यूमन कॅपिटल’ हा ग्रंथ १९६४ साली प्रसिद्ध झाला. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणाने या विचाराची वाट आधीच मोकळी केली होती. तरीही ग्रंथाच्या नावाविषयी बेकर यांना संकोच होता. सावधगिरी म्हणून आपण लांबलचक उपशीर्षक जोडले, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. मनुष्याला यंत्राच्या पंक्तीत बसविल्याचा आक्षेप येईल, ही त्या संकोचामागील भीती. हा आक्षेप नैतिक आहे व जुनाही आहे. संज्ञेतील खरा दोष मात्र निराळ्या जागी आहे, आणि तो मंदीच्या काळात उघडा पडतो.

शिकण्यात गेलेल्या वेळात जे उत्पादन होऊ शकले असते, ते बुडणे हाही प्रशिक्षणाचा खर्चच होय, असे बेकर दाखवितात. हे मान्य केले की एक अनुमान अटळ ठरते. मागणी घटून यंत्रे थांबतात तेव्हा कामगाराच्या तासाची किंमत उतरते. म्हणजे शिकविण्याचा सर्वांत स्वस्त काळ मंदीचाच. प्रत्यक्षात कात्री मात्र पुष्कळदा प्रथम याच खर्चाला लागते. व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके याचे खापर मालकांच्या अदूरदृष्टीवर फोडून मोकळी होतात. हे उत्तर आळसाचे आहे.

‘गुंतवणूक’ हा शब्दच पाहावा. ‘गुंतणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप ‘गुंतवणे’. त्याला ‘फसवणूक’, ‘मिरवणूक’ यांत दिसणारा ‘-णूक’ प्रत्यय लागून हे नाम सिद्ध झाले. ‘गुंता’ व ‘गुंतागुंत’ ही त्याचीच भावंडे. घातलेला पैसा सहजी सुटत नाही, हा भाव शब्दाच्या मुळातच आहे. गिरणीतील माग बंद पडला तरी गिरणीतच राहतो. कामगाराच्या हातात बसलेले कसब मात्र रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी जाते. पैसा कंपनीचा, पण तो गुंतला दुसऱ्याच्या देहात. हिशेबनिसांनी हे अर्थशास्त्रज्ञांपेक्षा अधिक काटेकोरपणे ओळखले आहे. आंतरराष्ट्रीय लेखामानक ३८ व भारतातील लेखामानक २६ या दोहोंनुसार प्रशिक्षणावरील रक्कम मत्ता म्हणून दाखविता येत नाही. ती झाली त्याच वर्षी खर्च म्हणून लिहावी लागते. कुशल कर्मचाऱ्यांपासून होणाऱ्या भावी लाभावर संस्थेचे पुरेसे नियंत्रण नसते, ही त्यामागील भूमिका. सारांश, भाषणात जी गुंतवणूक असते ती वहीत खर्चच असते, आणि मंदीत निर्णय वही समोर ठेवून होतात.

या अडचणीचे अर्धे उत्तर बेकर यांच्याच ग्रंथात आहे, आणि तेथेच तो सर्वांत बलवान आहे. सर्वसाधारण प्रशिक्षण कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते. म्हणून त्याचा भार शिकणाराच कमी वेतन पत्करून उचलतो. विशिष्ट प्रशिक्षण त्याच संस्थेत उपयोगी. त्याचा खर्च व लाभ दोघे वाटून घेतात, आणि म्हणूनच अशा कामगाराला मंदीत काढून टाकण्यास मालक कचरतो. वॉल्टर ओई यांनीही १९६२ साली, श्रम हा काही अंशी स्थिर खर्चासारखा असतो, असे स्वतंत्रपणे मांडले होते. मात्र बेकर यांची विभागणी वास्तवाहून अधिक स्वच्छ आहे. जर्मन कारखाने शिकाऊ मुलांना सर्वत्र चालणारी कसबे शिकवितात आणि त्या खर्चाचा वाटाही स्वतः उचलतात. ॲसेमोग्लू व पिश्के यांनी १९९८-९९ मधील लेखांत याची मीमांसा केली. कामगार सहजी दुसरीकडे जाऊ शकत नाही व वेतनातील अंतरे दबलेली असतात, तेव्हा सर्वसाधारण कसबाचा लाभही मालकाच्या पदरात पडू शकतो. म्हणजे निर्णायक गोष्ट कसबाचा प्रकार नव्हे, बांधिलकीची रचना.

२००८ची मंदी हा याचा चांगला पडताळा होय. इंधन महागल्याने मोठ्या वाहनांची मागणी कोसळली, तेव्हा टोयोटाने त्या वर्षी ऑगस्टपासून सुमारे तीन महिने टेक्सास व इंडियाना येथील कारखान्यांत काही वाहनांचे उत्पादन थांबविले. पण आपल्या कायम कामगारांना न काढता प्रशिक्षणाला व कारखान्यातील सुधारणांना लावले. या उदाहरणाची स्तुती पुष्कळ होते. त्याच हिवाळ्यात जपानमध्ये त्याच कंपनीने मुदतबंद कामगारांची संख्या घटविली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. दूरदृष्टी एकच, कंपनी एकच. फरक करारात होता. जर्मनीने २००९ साली कामाचे तास घटविलेल्या कामगारांना त्या काळात प्रशिक्षण दिल्यास मालकाचा सामाजिक विम्याचा वाटा पूर्णपणे भरून देण्याची सवलत दिली. नोकऱ्या टिकल्या, प्रशिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण मात्र लहानच राहिले. रिकामा तास व सरकारी पैसा एवढ्याने शिक्षण घडत नाही, हे येथे स्पष्ट झाले.

‘मानवी भांडवल’ हा मराठीतील शब्दशः अनुवाद हा सारा प्रश्न झाकून टाकतो. मराठीत याच व्यवहाराला पूर्वापार ‘उमेदवारी’ असा शब्द आहे. तो फारसी ‘उमेद’वरून आला. बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर काम शिकणारा तो उमेदवार. येथे आशा व जोखीम दोन्ही शिकणाऱ्याच्या बाजूला आहेत, मालकाच्या नव्हे. शब्द कठोर आहे, पण काय चालले आहे हे तो लपवीत नाही. १९६१च्या केंद्रीय अधिनियमाच्या मराठी नावात ‘शिकाऊ उमेदवार’ ही जोडी टिकली. त्या अधिनियमाच्या मूळ बाविसाव्या कलमाने प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर ठेवले नव्हते व ती स्वीकारण्याचे उमेदवारावरही नव्हते. करारात तशी अट असेल तरच ते लागू होई. २०१४च्या दुरुस्तीने प्रशिक्षित उमेदवारांच्या भरतीविषयीचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतःच ठरवावे, असे म्हटले.