आभासी यंत्रांतील असिद्ध रांगा : एक समीक्षा

आभासी यंत्रांच्या नेटवर्क-व्यवहाराचे विवेचन आपल्याकडे बहुधा वेगाच्या अंगाने केले जाते. रांग सिद्ध होण्यापूर्वीच तिला हात लागल्यास काय व्हावे, हा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो. वस्तुतः यजमान यंत्र आणि पाहुणे यंत्र यांच्यातील कराराची खरी कसोटी याच प्रश्नावर लागते. रूढ उपाययोजना या कसोटीस कितपत उतरते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रत्येक हायपरव्हायजरने आपापले निराळे ड्रायव्हर बाळगण्याऐवजी सर्वांना एकच सामाईक पद्धत असावी, हा विचार रस्टी रसेल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हर्टिओवरील निबंधात मांडला. या पद्धतीतील रांगेची मूळ रचना त्रिविध आहे : वर्णनांचा तक्ता, उपलब्ध नोंदींचे कडे आणि वापरून झालेल्या नोंदींचे कडे. ही तिन्ही पाहुण्या यंत्राच्या स्मृतीत वसतात. यजमानाला कळतो तो केवळ त्यांचा पत्ता. पत्ता कळेपर्यंत ती रांग म्हणजे निव्वळ एक क्रमांक होय. अशा रांगेस येथे ‘असिद्ध’ म्हटले आहे.

ओॲसिस संस्थेच्या व्हर्टिओ १.० मध्ये सिद्धतेचा क्रम स्पष्ट आहे. ड्रायव्हरने डिव्हाइसची दखल घ्यावी (१), आपण ते चालवू शकतो असे कळवावे (२), गुणधर्मांची निश्चिती करावी (८), रांगा मांडाव्यात आणि शेवटी ‘ड्रायव्हर सज्ज’ (४) हे चिन्ह लावावे. त्यापूर्वी डिव्हाइसने एकही नोंद उचलू नये. हा नियम वाचून असा समज होतो की, सज्जतेचे चिन्ह लागले म्हणजे सर्व रांगा सिद्ध झाल्या. हा समज चुकीचा आहे.

नेटवर्क कार्डाला रांगांच्या अनेक जोड्या असू शकतात. घेणारी रांग शून्य क्रमांकाची, पाठवणारी एक क्रमांकाची, याप्रमाणे जोड्या लागतात आणि सर्वांच्या शेवटी नियंत्रणाची रांग येते. चार जोड्या असतील तर ० ते ७ या क्रमांकांनंतर नियंत्रणाची रांग आठवी. तथापि आरंभी वापरात असते ती पहिलीच जोडी; अधिक जोड्या हव्या असल्यास ड्रायव्हरने त्या आधी मांडाव्यात आणि मग नियंत्रणाच्या रांगेतून तशी आज्ञा द्यावी, असा दंडक आहे. म्हणजे केवळ ०, १ आणि ८ या रांगा मांडून मधल्या सहा मोकळ्या ठेवणारा ड्रायव्हर नियमभंग करीत नाही. नेटवर्कवरून यंत्र सुरू करणाऱ्या आयपीएक्सईसारख्या छोट्या प्रोग्रामचे काम तर एकाच जोडीवर भागते. घोषित रांग आणि सिद्ध रांग या दोन भिन्न वस्तू आहेत, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

कड्याच्या वाचकाला हा भेद परका वाटू नये. अहमदनगर–बीड–परळी हा लोहमार्ग २६१ किलोमीटरचा योजलेला. परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये कड्यावरून पहिली प्रवासी गाडी धावू लागली ती नव्या आष्टीपर्यंतच, म्हणजे अवघे ६६ किलोमीटर. पुढला मार्ग आराखड्यात होता म्हणून कोणी परळीची गाडी सोडली नाही. आणि तो अपुरा होता म्हणून आष्टीची गाडीही अडवून धरली नाही. असिद्ध रांगेबाबत यजमानाकडून अपेक्षित आहे तो हाच विवेक.

प्रत्यक्षात काय घडले, याचे उदाहरण क्यूएमू या सुप्रसिद्ध प्रोग्राममध्ये सापडते. सीव्हीई-२०१७-१७३८१ या क्रमांकाने नोंदलेल्या दोषात, जुन्या पद्धतीच्या रांगेची कडी स्मृतीत कोठे पडतील याचे गणित करताना संरेखनाच्या संख्येने भागाकार केला जाई. जी रांग कधी निर्माणच झाली नाही तिची ही संख्या शून्य असते. पाहुण्या यंत्राने अशा रांगेला पत्ता दिला की शून्याने भागाकार होऊन संपूर्ण प्रोग्राम कोसळे. दुरुस्ती सोपी होती : रांगेची लांबी, पत्ता व संरेखन यांपैकी एकही शून्य असेल तर काही न करता परतावे. त्याच प्रोग्रामचा व्हीहोस्टशी संबंधित भागही, रांगेचा पत्ता शून्य दिसल्यास ती अद्याप तयार नसावी असे मानून, तिला वगळून पुढे जातो.

ही दुरुस्ती आवश्यक होती, याबद्दल दुमत नाही. आक्षेप आहे तो तिच्या मौनावर. ‘अद्याप मांडली नाही’ आणि ‘चुकीची मांडली’ या दोन अवस्थांना एकच उत्तर मिळते. पहिली अवस्था नियमास धरून आहे. तेथे मौन योग्यच. दुसरी हा ड्रायव्हरचा दोष आहे. तेथे मौन पाळल्यास पॅकेटे येईनाशी होतात आणि कारण मात्र कोठेच उमटत नाही. शिवाय शून्य हा पाहुण्याच्या स्मृतीतील एक पत्ताही आहे. त्यालाच पत्त्याच्या अभावाची खूण मानणे ही जुन्या पद्धतीची सोय होती. नव्या पद्धतीत प्रत्येक रांगेस ‘कार्यान्वित’ असे स्वतंत्र चिन्ह असताना पत्त्यावरून सिद्धतेचे अनुमान करणे तर्कशुद्ध नव्हे.

यावर असे म्हटले जाईल की, प्रत्येक ठिकाणी तपासणी केल्याने वेग मंदावेल. परंतु सिद्धतेचा निर्णय रांग कार्यान्वित होतानाच एकदा करावयाचा असतो. प्रत्येक पॅकेटामागे नव्हे. दुसरा आक्षेप असा की, क्यूएमू कोसळले तरी हानी त्या एकाच पाहुण्याची. हे अर्धसत्य आहे. जेथे एकच स्विच-प्रक्रिया अनेक पाहुण्यांच्या रांगा हाताळते, तेथे एकाच्या असिद्ध रांगेमुळे ती कोसळल्यास शेजाऱ्यांचेही नेटवर्क बंद पडते. उलट, सर्व रांगा सिद्ध होईपर्यंत थांबण्याचे धोरण स्वीकारल्यास एकाच जोडीवर सुरू होऊ पाहणारे यंत्र कायमचे ताटकळते.

तेव्हा न्याय्य व्यवस्था त्रिविध असावी. जी रांग निर्माणच झालेली नाही तिच्यावरील लेखन नाकारावे. जी निर्माण झाली पण कार्यान्वित नाही, ती वगळून बाकीच्या चालवाव्यात. आणि जी कार्यान्वित म्हणून जाहीर झाली पण जिची मांडणी विसंगत आहे, तिच्याबाबत डिव्हाइसने ‘पुनरारंभ हवा’ हे मानकातलेच चिन्ह (६४) लावून दोष उघड करावा.

२०२२ च्या व्हर्टिओ १.२ ने इतर रांगा चालू असताना एकच रांग पुन्हा मूळ स्थितीला नेण्याची सोय दिली आहे. त्यामुळे असिद्धता ही केवळ आरंभीची अवस्था राहिली नसून यंत्राच्या आयुष्यात वारंवार येणारी अवस्था झाली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रयोगांत सर्व रांगा मांडलेल्या यंत्राबरोबरच मध्ये खंड असलेले, एकाच जोडीचे आणि रांग मध्येच मागे घेणारे यंत्रही तपासावे. ज्या परीक्षेत केवळ सुव्यवस्थित पाहुणाच बोलावला जातो, तिच्यावरून यजमानाची योग्यता ठरवता येत नाही.