नाताळचे ताट आणि आपल्या लेखण्या

नाताळ जवळ आला की आपल्या नियतकालिकांतून खाद्यस्मृतींच्या लेखांना बहर येतो. गोव्याचे दोदोल, नेवऱ्या, थरावर थर चढवून भाजलेले बिबिंक, वसईकडचे फुगे, आणि प्लमकेक तर हटकून. हे लेख वाचनीय असतात, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु सणसरसारख्या गावी ते वाचताना मनात येते की, हे स्मरण नेमके कोणाच्या चुलीचे?

इंदापूर-बारामतीकडील आपल्या घरांत नाताळच्या आठवड्यात करंज्या भरल्या जातात, शंकरपाळे तळले जातात, चकलीचा सोऱ्या शेजारच्या घरून मागून आणला जातो. दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेल्या ताटाची फेड नाताळच्या ताटाने होते. आपले लेखक हे ताट झाकून ठेवतात. ते पुरेसे 'ख्रिस्ती' दिसत नाही, असे त्यांना वाटत असावे.

या संदर्भात फिलिपाइन्सचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत पहाटेचा मिस्सा होतो. शेतकऱ्याला कामावर जाण्यापूर्वी उपासनेस येता यावे, म्हणून ही वेळ रूढ झाली. मिस्सा सुटला की देवळाबाहेर केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली तांदळाची बिबिंगका मिळते. बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळ्या तांदळाचा पुतो बुंबोंगही असतो. त्यावर खोबऱ्याचा कीस आणि साखर. (बिबिंक आणि बिबिंगका ही नावे किती जवळची!) तांदूळ तिथला, नारळ तिथला, आणि तरीही सण अस्सल ख्रिस्ती. मग आपल्या करंजीनेच काय पाप केले?

अन्न आणि धर्मांतर यांची गाठ मराठीत सर्वांत निर्भयपणे सोडवली ती लक्ष्मीबाई टिळकांनी. १९३४ पासून भागाभागांनी निघालेल्या 'स्मृतिचित्रे'त बाजारातून आलेले जिन्नस धुऊन घेणारे सोवळेकरी वडील आहेत, आणि ख्रिस्ती वस्तीत राहूनही आपली चूल वेगळी मांडणाऱ्या स्वतः लक्ष्मीबाईही आहेत. त्या स्वतःच्या सोवळ्याला हसतात आणि आपल्यालाही हसवतात. पुढे ते गळून पडते, तो प्रसंग कोणत्याही प्रवचनाहून प्रभावी आहे.

परंतु लक्ष्मीबाईंचे ताट हे सोवळ्याचे ताट होते. देशावरील आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज ज्या वस्त्यांतून आले, तेथील ताट त्यांच्या ग्रंथात कसे सापडणार? १९७० मध्ये निघालेली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' घरोघरी गेली. वाटी-चमच्याच्या मापाने तिने अनेक सुनांना हात दिला. पण तिच्यातही ते ताट नाही. ते मांडले शाहू पाटोळे यांनी, २०१५ मध्ये, 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात. मराठवाड्यातील महार-मांग समाजांचे अन्न, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्यांसह, त्यांनी लाज न बाळगता नोंदवले. पाककृतींच्या गर्दीत आठवण कधीकधी दबते, हा दोष आम्ही मान्य करतो. तरीही आपल्या नाताळ अंकांतील दहा गोड लेखांपेक्षा त्यातील एक प्रकरण आम्हांस अधिक मोलाचे वाटते. ज्या आजीने सणाची पहिली करंजी तळली, तिने त्याआधी काय खाल्ले, हे आपण विचारलेलेच नाही. विचारण्यासारख्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत.

सणसरला संत तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामाला असते. पंगतीचा अर्थ या गावाला शिकवावा लागत नाही. नाताळ येतो तो नेमका गळीत हंगामात. भवानीनगरच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्या चाललेल्या असतात, आणि ज्या साखरेने आपले लाडू वळले जातात, तिचा ऊस तोडणाऱ्या बाया कोपीपुढे तीन दगडांवर भाकरी थापत असतात. आपल्या घरातून नाताळचे ताट त्या कोपीपर्यंत कधी गेले असेल, तर त्याची हकिकत आम्हांस वाचायला हवी आहे. केकचा लेख पुढच्या वर्षी छापला तरी चालेल.